लॉइड जॉर्ज नावाची रास्पबेरी



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं की, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला रास्पबेरीशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर मी वर्गात एक प्रश्न शिकवत आलो. एखादी गोष्ट बदलत राहते आणि तरी आपण तिला ‘तीच’ म्हणतो, तेव्हा तिच्यात नेमकं काय टिकलेलं असतं? पुस्तकांत याची उत्तरं पुष्कळ आहेत. पण इंग्लंड-स्कॉटलंडच्या बागायतदारांना हा प्रश्न गेल्या शतकात पोटापाण्याच्या रूपात पडला होता आणि त्याचं उत्तर त्यांना मातीत शोधावं लागलं. ती हकीकत मी आज सांगणार आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे हातगाडीवर पातळ, कागदासारख्या वेष्टनातलं पिवळं फळ मिळतं. त्याला रसभरी म्हणतात. ती रास्पबेरी नव्हे. ती टोमॅटो-वांग्याच्या कुळातली, दक्षिण अमेरिकेतून आलेली. मुंबईच्या इराणी हॉटेलात जे लालभडक ‘रासबेरी’ पेय मिळतं, त्यानं नाव घराघरांत पोचवलं, फळ मात्र पोचवलं नाही. खरी रास्पबेरी गुलाबाच्या कुळातली. लहान लहान रसाळ मणी एकमेकांना चिकटून टोपीसारखं फळ होतं. पिकलं की हलक्या हातानं ओढायचं, मधला पांढरा गाभा झाडावरच राहतो आणि पोकळ फळ हातात येतं. ब्लॅकबेरीत हा गाभा फळाबरोबर येतो. दोन्ही बहिणी, पण ओळखायची खूण ही.

शास्त्रीय नाव रुबस आयडियस. लिनिअसनं १७५३ साली ते ग्रंथात नोंदवलं. ‘आयडियस’ म्हणजे आयडा पर्वतावरची. प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांनी या झाडाची सांगड त्या पर्वताशी घातली होती. आता गंमत अशी, की आयडा नावाचे पर्वत दोन, एक क्रीट बेटावर आणि एक आजच्या तुर्कस्तानात. म्हणजे नावातसुद्धा ‘तो कोणता?’ हा प्रश्न आहेच! युरोपातल्या थंड जंगलांत ती रानोमाळ उगवत होती, लोक खुडून खात होते, पानं-फळं औषधाला वापरत होते. बागेत ती सावकाश आली. जॉन पार्किन्सननं १६२९ साली लंडनमध्ये बागेवरचा मोठा ग्रंथ छापला, त्यात ती बागेतलं फळ म्हणून आलेली आहे, लाल आणि पांढरी अशी दोन्ही. पुढच्या दोनशे वर्षांत ‘रेड अँटवर्प’सारखे नावाजलेले वाण आले.

आता जरा झाडाकडे नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

रास्पबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं. त्यातून दर वसंतात नवे फुटवे वर येतात. त्यांच्या सरळ, माणसाच्या उंचीच्या छड्या होतात. उन्हाळी जातीत ही छडी पहिल्या वर्षी फक्त वाढते. पानं येतात, उंची येते, फूल नाही. शरद ऋतूत दिवस लहान व्हायला लागले, गारवा आला, की तिच्या डोळ्यांत फुलांची तयारी गुपचूप सुरू होते. मग कडक हिवाळा. त्या थंडीतून गेल्याशिवाय डोळे धड फुटत नाहीत. दुसऱ्या वर्षी जून-जुलैमध्ये तीच छडी फळांनी लगडते आणि फळ देऊन मरते. तोवर शेजारी यंदाची छडी उभी राहिलेली असते. ती पुढच्या वर्षी फळणार. शरदात फळणाऱ्या जाती वेगळ्या. त्यांच्यात पहिल्याच वर्षी छडीच्या शेंड्याला फळ येतं.

उन्हाळी रास्पबेरीची सगळी मशागत या एका गोष्टीतून निघते. फळं संपली की फळलेली छडी जमिनीलगत कापायची आणि नवीतल्या धडधाकट तेवढ्या ठेवून, साधारण वीतभरापेक्षा कमी अंतरानं तारेला बांधायच्या. नवशिका माणूस हिवाळ्यात सरसकट छाटणी करतो आणि पुढचा सगळा हंगाम कापून टाकतो. या बागेत दोन पिढ्या नेहमी एकाच वाफ्यात उभ्या असतात, एक देणारी आणि एक तयार होणारी. माळ्याला दोघींतला फरक कळला पाहिजे.

केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. केळीचा खांब एकदाच घड देतो आणि संपतो. मुनवा पुढे चालवतो. उसाचा खोडवा त्याच जातीचा. रास्पबेरी या अर्थानं आपल्या ओळखीची आहे.

आता इतिहासाकडे वळतो. ब्रिटनमध्ये १८७४ साली साखरेवरचा कर उठला. साखर स्वस्त झाली आणि जॅम ही मजुराच्या घरातली वस्तू झाली. पावावर लोणी परवडत नव्हतं, जॅम परवडत होता. रास्पबेरी फार नाजूक. खुडल्यावर दोन दिवसांत मान टाकते, पण जॅमला उत्तम. स्कॉटलंडच्या पर्थशायर आणि अँगस भागातला उन्हाळा लांब दिवसांचा आणि थंड, पाऊस बेताचा, माती निचऱ्याची आणि किंचित आम्ल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लेअरगौरी गावाच्या परिसरात जे. एम. हॉज नावाच्या वकिलांसारख्या लोकांनी रास्पबेरीची मोठी लागवड उभी केली आणि पाहता पाहता तो मुलूखच या फळाचा झाला. जवळ डंडी शहर. त्याची ओळख तीन गोष्टींनी सांगतात, ताग, जॅम आणि वर्तमानपत्रं. ताग कुठला? आपल्या बंगालचा. त्या तागाच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका आणि त्यांची मुलं जुलैत रास्पबेरी खुडायला जात. ग्लासगोहून लोक येत. आणि स्कॉटलंडचे भटके लोक, ज्यांना तिथे ‘ट्रॅव्हलर’ म्हणतात, तेही तंबू घेऊन येत. मजुरी वजनावर. पाठ मोडेपर्यंत वाकायचं, काट्यांनी हात ओरबाडून घ्यायचे आणि संध्याकाळी शेकोटीभोवती गायचं.

१९५५ च्या उन्हाळ्यात हॅमिश हेंडरसन हे लोकसाहित्याचे अभ्यासक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन या ब्लेअरच्या शेतांत पोचले. एडिनबरा विद्यापीठातली ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ ही संस्था तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. निरक्षर समजल्या जाणाऱ्या या भटक्यांच्या तोंडी शेकडो वर्षांची गाणी आणि गोष्टी जिवंत होत्या. बेल स्ट्युअर्ट या गायिकेचं ‘द बेरीफील्ड्स ओ’ ब्लेअर’ हे गाणं तर याच खुडणीवर रचलेलं. पंडितांनी संपली म्हणून सोडून दिलेली परंपरा फळं खुडणाऱ्यांच्या गळ्यात टिकली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता आपला नायक. १९१९ साली इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या जे. जे. केटल यांनी एक नवा वाण बाजारात आणला. रोप त्यांना रानात सापडलेलं. लांबट, मोठी, चवदार फळं, भरपूर उत्पन्न. युद्ध नुकतंच जिंकलेलं, म्हणून नाव दिलं तेव्हाच्या पंतप्रधानांचं, ‘लॉइड जॉर्ज’. थोड्याच वर्षांत तो सगळीकडे पसरला.

कसा पसरला, ते बघा. रास्पबेरीचा वाण बियांनी राखता येत नाही. बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं, जशी आंब्याच्या कोयीतून रायवळ निघते. वाण राखायचा तर मुळावरचा फुटवा काढून दुसरीकडे लावायचा. म्हणजे ब्रिटनभरातला प्रत्येक ‘लॉइड जॉर्ज’ हा त्या डॉर्सेटच्या पहिल्या झाडाचाच तुकडा. वंशज म्हणणंसुद्धा अपुरं, ते एकच झाड, लाखो ठिकाणी उभं. आणि फुटवे इतके येतात की विकत घ्यायची गरजच नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला द्यावेत, सासऱ्यानं जावयाला द्यावेत. असा तो वाण प्रेमानं घरोघर गेला.

आणि काही वर्षांत तो खचायला लागला. छड्या बुटक्या, पानांवर पिवळट ठिपके आणि चट्टे, फळं भुगा होणारी. लोक म्हणाले, वाण म्हातारा झाला, जात ‘उतरली’. आपल्याकडचे शेतकरीही हाच शब्द वापरतात. पण झाड म्हातारं झालं नव्हतं, ते आजारी होतं. रास्पबेरीवर एक मोठा, फिकट हिरवा मावा येतो. तो रस शोषताना एका झाडातले विषाणू दुसऱ्यात सोडतो. एकेकटा विषाणू फारसं काही दाखवत नाही. तीन-चार एकत्र जमले की झाड झुरतं. काही वाण तर आतून पूर्ण बाधित असूनही वरून ठणठणीत दिसतात आणि शेजारच्या वाफ्याला रोग पुरवत राहतात. फुटव्यात आईचे सगळे गुण उतरतात, तसा आईचा सगळा आजारही उतरतो. ज्या प्रेमानं रोपं दिली गेली, त्याच वाटेनं रोग गेला. देणाऱ्याला पत्ता नव्हता, घेणाऱ्यालाही नव्हता.

आता पेच कसा आहे पाहा. मावा पसरवतो त्या विषाणूंपैकी बहुतेक बियांतून पुढे जात नाहीत. म्हणजे बी पेरलं तर रोप निरोगी मिळेल, पण तो ‘लॉइड जॉर्ज’ नसेल. फुटवा लावला तर तो ‘लॉइड जॉर्ज’च असेल, पण आजारी. ओळख राखली तर रोग येतो, रोग टाळला तर ओळख जाते. करायचं काय?

इथे दोन जुन्या उत्तरांची आठवण येते. जॉन लॉकनं आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ओक वृक्षाचं उदाहरण घेतलं. इवलंसं रोप आणि प्रचंड वृक्ष यांतले कण वेगळे, तरी वृक्ष तोच, कारण जीवनाची एकच रचना अखंड चालू राहते. त्याच्या दीड हजाराहून अधिक वर्षं आधी आपल्याकडे ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एक म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. प्रवाह अखंड आहे. दोन्ही उत्तरं सुंदर. पण दोघांनीही अखंडतेवर भर दिला, आणि रास्पबेरीचा बागायतदार म्हणेल, महाराज, अखंडता आहे हीच तर माझी अडचण आहे! प्रवाह अखंड आहे म्हणूनच रोगही अखंड आहे.

मग उत्तर कुठून आलं? एक आलं समुद्रापलीकडून. ‘लॉइड जॉर्ज’ची काही रोपं पूर्वीच न्यूझीलंडला गेली होती. तिथे तो युरोपातला मावा नव्हता. त्यामुळे मायदेशात वाण झुरत होता, तेव्हा परदेशातली त्याचीच फांदी जोमदार वाढत होती. ती रोपं परत ब्रिटनमध्ये आणली गेली आणि ‘लॉइड जॉर्ज, न्यूझीलंड’ या नावानं लावली गेली. वाण तोच, आरोग्य मात्र परत मिळालेलं. घरी जे हरवलं ते दूर गेलेल्यांनी सांभाळलं होतं. मघाच्या भटक्या गायकांची गोष्ट आठवा. परंपरा नेहमी मुख्य वाड्यातच टिकते असं नाही.

दुसरं उत्तर संशोधनानं दिलं. केंटमध्ये ईस्ट मॉलिंगला १९१३ पासून फळझाडांचं संशोधन केंद्र होतं. तिथे नॉर्मन ग्रब यांनी रास्पबेरीचे संकर केले. ‘मॉलिंग प्रॉमिस’, ‘मॉलिंग जुवेल’ हे त्यांचे वाण युद्धोत्तर ब्रिटनच्या बागांत घरोघरी झाले. त्यांच्या वंशावळीत ‘लॉइड जॉर्ज’ आहे. म्हणजे नाव सोडून, बी होऊन, दुसऱ्याशी मिसळून तो पुढे गेला. त्याच केंद्रात पुढे आर. एल. नाइट आणि एलिझाबेथ कीप यांनी माव्यालाच नको वाटेल अशी झाडं घडवली. त्यासाठी लागणारे गुण त्यांनी जुन्या वाणांत आणि अमेरिकेतल्या काळ्या रास्पबेरीत शोधले. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ इन्व्हरगौरीला १९५१ साली संशोधन संस्था निघाली. तिथल्या डेरेक जेनिंग्ज यांनी ‘ग्लेन’ मालिका सुरू केली. ‘ग्लेन क्लोव्हा’ आली, पुढे ‘ग्लेन मॉय’सारखी बिनकाट्याची आली. खुडणाऱ्यांच्या ओरबाडलेल्या हातांची कुणीतरी दखल घेतली, असं मला हे वाचताना वाटतं.

पण मावा काही स्वस्थ बसला नाही. काही दशकांत त्याच्या अशा पिढ्या आल्या की ज्यांना हे प्रतिकारक वाण चालू लागले. एक गुण निष्प्रभ झाला, मग दुसरा. म्हणजे एकदा शुद्ध केलं आणि झालं, असं होत नाही.

तिसरं उत्तर सर्वांत कमी देखणं, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. एखाद्या वाणाची मोजकी रोपं निवडायची. गरज पडली तर त्यांना कित्येक आठवडे ३७ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत वाढवून विषाणू नामोहरम करायचे, मग शेंड्याचा कोवळा भाग घेऊन नवं रोप करायचं. ते तपासायचं. मावा शिरणार नाही अशा जाळीघरात ठेवायचं. त्यातून रोपं वाढवायची, मळ्यांची पाहणी करायची, दाखला द्यायचा. आणि हे दर काही वर्षांनी पुन्हा. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. जाळीघरात दहा रोपं सांभाळणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याही वाणाला दिलं जात नाही. पण तो थांबला, की पंधरा-वीस वर्षांत सगळ्या देशाचा वाण ‘उतरतो’.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. परंपरा पुढे चालवणं आणि परंपरा निरोगी ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपोआप होतं. फुटवा येतो, आपण देतो, पुढचा लावतो. दुसऱ्याला तपासणी लागते, आणि तपासणीत आवडत्या रोपालाही उपटायची तयारी लागते. आपण ‘पूर्वजांनी दिलं ते जसंच्या तसं पुढे दिलं’ असं अभिमानानं म्हणतो. जसंच्या तसं म्हणजे त्यातल्या विषाणूंसकट! जातीचा ताठा, बाईला कमी लेखणं, हेही आपल्याकडे प्रेमानंच पुढे दिलं गेलंय, आईच्या मायेनं, आजीच्या गोष्टीतून. देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. रोप तपासलं होतं का, एवढंच मी विचारतो. आणि उलट बाजूनं, रोग दिसला म्हणून सगळा वाणच जाळून टाका म्हणणाऱ्यांनाही मी न्यूझीलंडची रोपं दाखवीन.

प्रश्न जवळचाही आहे. जळगावच्या केळीवर गेल्या काही वर्षांत कुकुंबर मोझॅक विषाणूनं मोठं नुकसान केलं. शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. तिथेही वाहक मावाच, आणि बाधित मुनव्यातूनही रोग पुढे जातोच. तिथेही शेवटी प्रश्न हाच, की मातृवृक्ष तपासतं कोण? ब्रिटनमध्ये हे काम दीर्घकाळ सार्वजनिक संस्थांनी केलं. पुढे संस्थांची रचना बदलली. इन्व्हरगौरीची संस्था २०११ मध्ये जेम्स हटन इन्स्टिट्यूटमध्ये विलीन झाली, ईस्ट मॉलिंग २०१६ मध्ये दुसऱ्या संस्थेखाली गेलं. आज बरेचसे नवे वाण खासगी हक्कांत असतात, ठरावीक उत्पादकांनाच मिळतात. वाण घडवणाऱ्याला मोबदला मिळावा हे मान्यच. आपल्या २००१ च्या कायद्यानं तर पैदासकाराच्या हक्काबरोबर शेतकऱ्याचा हक्कही मानलाय. पण ज्या जुन्या वाणावर कुणाचा हक्क उरलेला नाही, त्याचं जाळीघर कोण चालवणार? जे सगळ्यांचं आहे त्याची तपासणी कुणाच्याच फायद्याची नसते. म्हणून ती समाजानं करायची असते.

वेळ होत आलाय. दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

लेस्टरहून एका ताईंनी विचारलंय, जागा कमी आहे, उन्हाळी रास्पबेरी कुंडीत होईल का? होते. चाळीसेक सेंटिमीटर रुंद, खाली भोकं असलेली कुंडी घ्या. हलकं कंपोस्ट आणि थोडी बागेची माती, म्हणजे कुंडी वाऱ्यानं कलंडणार नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये रोप लावा, तीन-चार बांबू रोवा, छड्या बांधा. पाणी नियमित, पण साचू देऊ नका, मुळं कुजतात. ‘ग्लेन ॲम्पल’ बिनकाट्याची आहे, ती चालेल. पक्ष्यांसाठी जाळी लागेल. फळं झाल्यावर फळलेलीच छडी कापा, हिरवी नको. आणि ताई, मैत्रिणीकडून फुटवा आणण्यापेक्षा दाखला असलेलं रोप विकत घ्या. आजच्या व्याख्यानानंतर कारण सांगायला नको.

दुसरा प्रश्न पुण्याहून, गच्चीवर येईल का? झाड जगेल कदाचित, पण उन्हाळी जातींना ७ अंशांच्या खालचे शेकडो तास लागतात, कित्येकींना हजाराच्या वर. पुण्याच्या हिवाळ्यात ते मिळत नाहीत, त्यामुळे छड्या वाढतील आणि डोळे झोपलेलेच राहतील. हौस असेल तर उन्हाळ्यात कुमाऊंकडे जा आणि रस्त्याकडेचे हिसालू खा. पिवळी, त्याच कुळातली रानरास्पबेरी आहे, फळ तसंच पोकळ निघतं. तिथल्या पोरांनी पानाच्या द्रोणात आणून दिलं तर पैसे नीट द्या, काटे फार असतात.